मामाजींच्या ट्रकला टर्बो बसवला तेव्हा

माझ्या सासऱ्यांना आम्ही सुना मामाजी म्हणतो. त्यांचा ट्रक माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. मी लग्न होऊन दारव्ह्याला आले तेव्हा तो अंगणाच्या कडेला असा उभा होता, की घरातल्या आणखी एका वडीलधाऱ्याची ओळख करून द्यावी तशी माझी त्याच्याशी ओळख करून दिली गेली. घरची शेती कापूस-सोयाबीनची. आपला माल हलवून झाला की मामाजी गावातल्या इतरांचाही माल वाहत, आणि ट्रक नेहमी स्वतःच चालवत.

माझं माहेर यवतमाळचं. वडील, काका, आत्या, सगळ्यांचा जन्म ऑफिसात गेला. मी एकटीच मेकॅनिकलकडे वळले आणि यवतमाळच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागले. डिझेल इंजिन मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल याचा हिशेब नाही, पण हाताला तेल क्वचितच लागलं होतं.

काही वर्षांपूर्वी एकदा सकाळची बस चुकली म्हणून मी मामाजींबरोबर ट्रकमधून निघाले. मागे सरकीची पोती भरलेली होती. यवतमाळच्या अलीकडच्या चढावर ट्रक खालच्या गिअरवर आला आणि काळा धूर ओकत रांगायला लागला. आमच्या मागे एक मोटरसायकल अडकली होती. नवरा-बायको आणि मधे लहान मुलगी. समोरून वाहनं येत होती, त्यामुळे त्यांना पुढे जाता येत नव्हतं. चढ संपल्यावर मामाजींनी ट्रक कडेला घेतला, पाण्याची कॅन घेऊन खाली उतरले आणि त्यांना हात करून थांबवलं. ती बाई मुलीचं तोंड पदरानं पुसत राहिली. पदर काळा होत गेला.

मामाजी संध्याकाळी घरी जेवताना म्हणाले, "लोकायच्या लेकरायची तोंडं काळी करत फिरायचं नाई मले आता. गाडी इकून टाकतो."

मग मी सांगितलं, की धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. चढावर इंजिनाला डिझेल भरपूर मिळतं, हवा पुरत नाही. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या वाफाऱ्यावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच जोरावर दुसऱ्या पंख्यानं बाहेरची हवा इंजिनात कोंबायची, याला टर्बो म्हणतात. त्यांनी घास खाली ठेवून ऐकलं.

"आपल्या गाडीले बसते काय?"

मी म्हटलं, कागदावर तरी बसतो. याच जातीचं इंजिन पुढे कंपनीनं टर्बो लावूनच काढलं होतं. पण ते हातानं कसं करतात, ते मला येत नाही.

ते ज्यांना येत होतं ते मिस्त्री गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये काम करत. साठीच्या आसपासचे, किरकोळ अंगाचे. चाळीस वर्षं इंजिनांजवळ काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, बारीक आवाज तर अजिबात नाही. एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून घेत. मग कोणता व्हॉल्व्ह ढिला आहे ते सांगत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली होती. दुसऱ्या वेळेस मी माझी वही उघडून लिहायला लागले.

मिस्त्रींनी लगेच हो म्हटलं नाही. आधी चारही बाजूंनी इंजिन तपासलं, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. दोन सिलिंडर कमी भरले. मामाजींना त्यांनी स्पष्टच सांगितलं, की दमेकऱ्याच्या पाठीवर पोतं द्यायचं नसतं, आधी इंजिन बरं करू. त्यात तीन आठवडे गेले. तेवढ्या दिवसांत मामाजी आरटीओत जाऊन असा बदल चालतो का ते विचारून आले, अर्ज भरून आले, आणि मिस्त्रींनी भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीचा टर्बो शोधून आणला. शंखासारखा गोल, बिडाच्या ओतीव लोखंडाचा, हातात धरला की जड. त्यातला पंखा मिस्त्रींनी बोटानं फिरवला आणि तो थांबेपर्यंत आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं, की एवढं करतोच आहोत तर डिझेलही वाढवून घ्या, ट्रक पळेल. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. पिस्टन जुन्या घडणीचे आहेत, जास्त डिझेल दिलं तर वितळतील, असं ते म्हणाले. हवा वाढवायची, डिझेल होतं तेवढंच. मग त्यांनी डिझेल पंपाच्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील मारलं, म्हणजे कोणाला मोहच होऊ नये.

टर्बो बसवला त्या रविवारी शेडमध्ये पाच-सहा ड्रायव्हर जमले होते. इंजिन सुरू झालं. दहा मिनिटं सगळं ठीक होतं. मग सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला, आणि तो वाढतच गेला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. एक ड्रायव्हर म्हणाला, भंगारचा माल असाच निघायचा. मिस्त्रींनाही वाटलं की टर्बोतलं ऑइल अडवणारं सील गेलं असावं.

मी खाली वाकून पाहिलं. टर्बोला ऑइल देणारी नळी वरून येत होती, आणि ऑइल परत नेणारी नळी खाली चेंबरला, म्हणजे ऑइलच्या टाकीला, जोडली होती. नवं भोक पाडायला नको म्हणून मिस्त्रींनी चेंबरच्या तळाजवळचं जुनंच भोक वापरलं होतं. पण परत येणाऱ्या ऑइलला दाब नसतो, ते स्वतःच्या वजनानंच पडतं. नळीचं तोंड ऑइलच्या पातळीखाली बुडलं की ते वरच तुंबतं आणि पंख्याच्या बाजूनं बाहेर येतं. हे वाक्य मी दर वर्षी वर्गात लिहून देत आले होते.

सगळ्यांसमोर बोलावं की नाही, मला कळेना. शेवटी मी मिस्त्रींजवळ जाऊन जमिनीवरच्या धुळीत बोटानं चित्र काढलं. टाकी, पातळी, नळी. ते चित्र पाहून ट्रकखाली डोकावले. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, "टर्बो चांगला हाये. चूक माही हाये. मॅडमनं पकडली."

एवढंच बोलले आणि पाना घेऊन ट्रकखाली शिरले. आपल्या शेडमध्ये, आपल्या गिऱ्हाइकांसमोर, चाळीस वर्षं कमावलेल्या नावाची पर्वा न करता असं एक वाक्य बोलणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. आमच्या स्टाफरूममध्ये तर नाहीच.

चेंबर उतरवून, वरच्या अंगाला नवं भोक पाडून, नळीला सरळ उतार देऊन पुन्हा सगळं जोडायला पुढचा रविवार उजाडला. या वेळेस अर्धा तास इंजिन चाललं तरी धूर नाही. मिस्त्रींनी मला केबिनमध्ये बसवून रेस वाढवायला सांगितली. मी पाय दाबला आणि इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शीळ चढत गेली. शेडमधले सगळे हसले. मिस्त्री माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"शिट्टी येऊन राह्यली काय, मॅडम?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण जुळवलेल्या यंत्राचा आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता. मी खिडकीतून वाकून मोठ्यानं सांगितलं, की येतेय, एकसारखी येतेय, मधे कुठे खरखर नाही, पाय काढला की हळूहळू उतरते. त्यांनी पेचकस टर्बोजवळ टेकवला, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, की हाडाला बरोबर लागतंय.

पुढच्या आठवड्यात सोयाबीन भरून आम्ही मुकुटबनच्या बाजाराला निघालो. मामाजी चालवत होते, मधे मी, खिडकीशी मिस्त्री. पहिल्याच चढावर मामाजींनी सवयीनं गिअर उतरवायला हात नेला, आणि हात तिथंच राहिला. ट्रक वरच्या गिअरवरच चढत होता. फार जोरात नाही, पण दम न लागता. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. मिस्त्री चढ संपेपर्यंत ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत होते, मग डबा उघडून भाकर खायला लागले. त्यांनी मामाजींना एकच गोष्ट बजावली. पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं, म्हणजे पंख्याला ऑइल मिळत राहतं.

मुकुटबनला पोत्यांची थप्पी लागेपर्यंत तिथले दोन ट्रकवाले येऊन बॉनेटखाली डोकावून गेले. त्यातला एक झरी जामणीच्या जंगलपट्टीतून लाकूड वाहायचा. त्यानं मिस्त्रींना विचारलं, माझ्या गाडीला कधी बसवता? मिस्त्रींनी त्याच्या इंजिनाला पेचकस लावून पाहिला आणि सांगितलं, की आधी इंजिन बरं करून आण, मग बोलू. तो नाराज झाला. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर मी त्यांना दोनदा वर्गात घेऊन गेले. त्यांनी टेबलावर टर्बो उघडून ठेवला आणि प्रत्येकाला पंखा बोटानं फिरवून बघायला लावला. मागच्या बाकावरच्या मुलीही पुढे आल्या होत्या. तास संपला तरी कोणी उठलं नाही.

ट्रक अजून चालतो. मामाजी दारात आल्यावर दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसतात, आणि सासूबाई त्या अंदाजानंच चहा ठेवतात. येत्या उन्हाळ्यात पिस्टन बदलावे लागतील, असं मिस्त्रींनी सांगितलं आहे. मामाजींनी होकार दिला आहे, आणि मिस्त्रींच्या हाताखाली काम करता यावं म्हणून मी सुट्टीचा अर्ज टाकला आहे.