मुरलीची न टाकलेली पत्रं

मुरली गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होतो. पुढे कितीतरी वेळ दाणे आणि सालं एकाच पातेल्यात टाकत राहिलो, इतकंच आठवतं... त्याला आता सहा आठवडे झाले. तरी हा लेख रडका होणार नाही, कारण गेल्यावरही मुरलीने आम्हाला भरपूर हसवलं.

तो टपाल खात्यात सॉर्टिंगला, मी शाळामास्तर. सिडकोत समोरासमोर राहून तीस वर्षं आम्ही एकमेकांचं डोकं खाल्लं. माणूस तोंडाचा फटकळ. बोलून जायचा, मग घरी येऊन ज्याला बोलला त्याला माफीचं पत्र लिहायचा आणि ते कपाटात ठेवून द्यायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मास्तर, पत्र टाकलं की समोरचा लगेच माफ करतो. मग मी कशाला लक्षात ठेवतोय? कपाटात राहिलं की माझं मला टोचतं." गंमत म्हणजे, न टाकायच्या पत्रावरही पूर्ण पत्ता, पिनकोड आणि तिकीट असायचंच. नोकरीची सवय! अर्धवट पाकीट त्याला बघवत नसे.

तेच नडलं. तेराव्यानंतर कपाट आवरताना त्याच्या सुनेला, पूजाला, हा गठ्ठा सापडला. बाबांचं टाकायचं राहून गेलं, असं समजून तिने भरल्या डोळ्यांनी सगळी पत्रं टपालपेटीत टाकली.

चार दिवसांत मुरलीच्या बायकोच्या, शोभावहिनींच्या, दारात माणसं यायला लागली. कोपऱ्यावरचा मिसळवाला तर रश्शाचं पातेलंच घेऊन आला. त्याच्या पत्रात होतं, 'त्या दिवशी तर्री पातळ नव्हती, माझंच तोंड कडू होतं.' "काकू, लय मोठ्या मनाचा माणूस हो," म्हणत तो रडायला लागला आणि वहिनींना हसू आवरेना. सटाण्याहून मुरलीची मावसबहीण आली. तिच्या लग्नातल्या जेवणाला नावं ठेवल्याची माफी तिला आता, नातवंडं झाल्यावर मिळाली होती! पूजा बिचारी स्वयंपाकघरातून बाहेर येईना.

मी मात्र रोज पोस्टमनची वाट बघत होतो. माझ्या निरोप समारंभात मुरलीने भर सभेत सांगितलं होतं, की मास्तर वर्गात झोपा काढायचे. सगळा हॉल हसला. मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. पुढे माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो डबा घेऊन आला आणि काही घडलंच नाही असे आम्ही पुन्हा बोलू लागलो. पण त्याला त्याचं कधी वाईट वाटलं का, हे मला कळायला हवं होतं. मिसळवाल्याला पत्र आणि मला नाही, हे फार लागलं.

परवा पूजा आली. "काका, तुमचं पत्र मी टाकलं नव्हतं. समोरच राहता, हातात देऊ म्हटलं. मग तो सगळा गोंधळ झाला आणि मला धीरच होईना."

'मास्तर, तू झोपायचास हे खरंय, त्याची माफी मागणार नाही. पण दोन वर्षं तू दिसलास की मी दार लावून घ्यायचो. ते दिवस काही परत यायचे नाहीत. तेवढं माफ कर.'

मी मोठ्याने हसलो, आणि मग रडलो.

हे पत्र मात्र मी कपाटात ठेवणार नाही, सरळ छापायला देतोय. मुरली, मी झोपायचो रे. जेवणानंतरच्या तासाला, रोज. तू दार लावायचास, पण वाजवायला मी तरी कुठे आलो?