राबाचा धूर

ती घटना आठवली की माझा हात आजही आपोआप मिशीवर जातो आणि घरचे ओळखतात, आली यांची गाडी त्या जवानावर. येऊ दे की! नोकरीत चोर पुष्कळ पकडले, पण निर्दोष माणसाला सोडवण्यातला आनंद वेगळाच असतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या माळावर लष्कराच्या तोफांचा सराव चालायचा. आधी गावोगाव दवंडी पिटत, लाल झेंडा लावत, आणि त्या पट्ट्यात ज्यांची शेतं होती ती माणसं गुरं घेऊन बाहेर निघत. एरवी तिथे कसायला मुभा होती.

एका उन्हाळ्यात बाहेरून सरावाला आलेल्या तुकडीतल्या एका जवानाने तोफ डागायला चक्क नकार दिला. टेकाडामागे धूर दिसतोय, तिथे माणूस आहे, असं त्याचं म्हणणं. अधिकारी म्हणाले, आधीच्या गोळ्याने गवत पेटलंय, फायर दे. त्याने दिला नाही. त्याला बाजूला काढून दुसऱ्याकडून गोळा टाकून घेतला. नंतर गस्त पाठवली, तर माणूस सोडा, तिथे कुत्रंही नव्हतं. झालं! हुकूम मोडला आणि वर थाप मारली म्हणून जवान कोठडीत. कोर्ट मार्शल होणार, नोकरी जाणार, तुरुंगही अटळ. त्या दिवशी हद्दीत कोणी होतं का, एवढी चौकशी आमच्याकडे आली.

परवानगी काढून मी आधी त्याला भेटलो. मावळातला, भातशेतीवाल्या घरातला पंचविशीचा पोरगा. मी पोलिसी खाक्याने तेच तेच फिरवून विचारलं. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळी गोष्ट सजवून सांगतो. हा दर वेळी तेवढंच सांगत होता.

"साहेब, गवताची आग पळते. तो धूर एका जागी बसला होता. राबाचा धूर होता तो. आणि राब पेटला की माणूस जवळ असतोच."

मी इगतपुरीकडचा, मला राब काय सांगायचा? भाताचं रोप टाकायची जागा उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडांचा टहाळ, गवत, सगळ्यात वर माती. पेटवलेला राब सोडून कोणी हलत नाही. वारा फिरला तर डोंगर पेटायचा.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन टेकाडामागे गेलो. बांधाला लागून काळा चौकोन होता. खाली राख, वर भाजलेली बारीक माती. गस्तीवाल्यांनी जळकी जागा समजून सोडून दिलेली. आता तोफेचा गोळा काय चौकोन आखून वर माती पसरून जातो? मला हसू आवरेना. पंचनामा केला. पण राब सरावाच्या आदल्या दिवशीचाही असू शकतो. माणूस मिळायला हवा होता.

खबर मिळाली ती रस्त्यावरच्या चहावाल्याकडून. सरावाच्या दिवशी दुपारी जवळच्या पाड्यावरचं एक म्हातारं जोडपं त्याच्याकडे थरथरत पाणी प्यायला आलं होतं. पाड्यावर गेलो तर म्हातारा ठाम, त्या दिवशी आम्ही घरीच होतो. तो का नाकारतोय ते मला कळत होतं. झेंडा लागलेला असताना आत राहणं हा गुन्हा. मी काठी जीपमध्ये ठेवली, ओट्यावर बसलो, कोरा चहा घेतला.

"बाबा, ज्यानं तुमच्यावर गोळा टाकला नाही, तो पोरगा कोठडीत बसलाय. तुम्ही बोललात तर सुटेल."

म्हातारी उठली, आत गेली आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक हंडी आणून माझ्यासमोर ठेवली. तिला आरपार भोक पडलेलं होतं.

"सकाळी वारा व्हता, म्हनून राब उशिरा पेटवला," ती म्हणाली. "राब बसला, जाळ इझला तवा हात धुवाया ओहोळात उतरलो. पेजेची हंडी वर राह्यली. आन् वर धडाम झालं. हंडी उचलली न् पळालो."

जवानाला तोफेपासून हटवायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात ही दोघं ओहोळात उतरली होती. मी तिथेच जबाब घेतला आणि हंडी मुद्देमाल म्हणून जप्त केली. हद्दीत राहिल्याबद्दल दोघांना समज दिली. दुसरं काय करणार?

लष्करी चौकशीत म्हातारी स्वतः आली. कर्नलसाहेबांनी हंडी हातात घेतली आणि भोकातून बोट घातलं. मग जवानाला आत बोलावलं. तो सावधान उभा. म्हातारीने सरळ जाऊन त्याच्या गालावरून हात फिरवला.

"तुला कसा रं कळला राब?"

"आमच्याकडं पण भाजतात, आजी."

आरोप मागे घेतला गेला. युनिटला परत जाताना तो वर्दीत ठाण्यावर आला आणि मला असा कडक सॅल्यूट ठोकला, की ठाणे अंमलदारही खुर्चीतून उठला. त्या दिवशी मी स्वतःच्या खिशातून सगळ्या ठाण्याला पेढे वाटले.

शिस्तीचा मी कट्टर माणूस, आजही आहे. पण हुकूम देणारा लांब उभा असतो आणि बजावणाऱ्याला समोरचं दिसत असतं, हे त्या पोराने मला शिकवलं. पुढे प्रत्येक बंदोबस्ताला सूचना देऊन झाल्या की मी विचारायचो, "कोणाला धूर दिसतोय का?" सुरुवातीला शिपाई एकमेकांकडे बघून हसायचे. नंतर हात वर करायला लागले.