आदर्श मातेला साक्षीदार हवा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत म्हाताऱ्या माणसांना फार मान होता. तो वर्षातून एकदा, गणपतीत, आरतीच्या आधी शाल-नारळ देऊन उरकला जायचा. एरवी त्यांनी जिन्यात बसू नये, अशी सूचना फळ्यावर असायची.

त्या वर्षी ‘आदर्श माता’ म्हणून समोरच्या आजीची निवड झाली. निवड करणारा सेक्रेटरी तिचाच मुलगा. गिरणी बंद पडली, आजोबा गेले, तेव्हा आजी लालबागची खोली मोडून मुलाकडे आली. मुलाने तिला गॅलरी दिली. दुपारी सून बाहेर पडताना गॅलरीच्या दाराला आतून कडी घालायची. आजी पाण्यासाठी दार वाजवत राहायची. माझी खिडकी नेमकी समोर. मी पुस्तक डोळ्यांसमोर धरून सगळं बघायचे.

बिल्डिंगलाही माहीत होतं. “त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला बोला?” असं म्हणत सगळे त्याबद्दलच बोलायचे.

तळमजल्यावरच्या वकीलकाकांनी आजीला समजावलं होतं, “कायदा आहे, आजी. आईला पोसलं नाही तर मॅजिस्ट्रेट मुलाला हुकूम करतो. नाही पाळला तर आत टाकतो. पण मुलगा म्हणणार, मी सगळं करतो. तुमच्या बाजूने सांगणारं कोणीतरी हवं.”

“मगे तुमीच सांगा.”

“मी? अहो, मी कमिटीवर आहे!”

सत्काराच्या दिवशी आईचे उपकार सांगताना सेक्रेटरीने खिशातून रुमाल काढला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. त्यांनी स्वतःच्या सासूला हवापालटासाठी गावी पाठवलं होतं, आणि हवा अजून पालटत होती.

मग आजीला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने माइक धरला.

“माझो झील माका गॅलरीत कोंडून ठेवता. शिळां खाऊक घालता. माका कोर्टात जावचां आसा. साक्षीक कोण येतलो?”

“आईचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी,” सेक्रेटरी हसत म्हणाला. वकीलकाका विजेच्या माळेतला एक दिवा पिळायला लागले.

“आरती घ्या रे, आरती!” मागून कोणीतरी ओरडलं.

निरांजन पेटायच्या आतच टाळ सुरू झाले. इतक्या भक्तीने आमच्याकडे कधी आरती झाली नव्हती. देवीची झाली, शंकराची झाली, विठ्ठलाची झाली. थांबायला कोणी तयारच नव्हतं.

आजी स्टेजवरून उतरून माझ्याजवळ आली. “तुझ्या खिडकीतसून सगळां दिसता मां गो?”

मी मान हलवली.

“मगे येतलंस?”

“येईन.”

“काय?”

वर्गात हजेरी द्यायलाही मला घसा खाकरावा लागायचा. मी श्वास भरून घेतला आणि जीव खाऊन ओरडले. नेमके तेव्हाच टाळ थांबले.

“येईन! कोर्टात येईन!”

सगळा मंडप वळला. आईने कपाळाला हात लावला. सेक्रेटरीने सर्वांना प्रसाद घ्यायची विनंती केली.

आजीने शाल काढून नीट घडी घातली आणि काखेत मारली.

“सकाळी तयार रव,” ती म्हणाली. “आणि थंय पण असांच मोठ्यान बोल.”