कमी पडलेलं कापड

मास्तरांचं बूड आजारपणाआधीही कधी एका जागी टिकलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी उभ्याने कोट बेतले, उभ्याने चहा प्याला आणि गिऱ्हाइकांशी भांडलेही उभ्यानेच. मेंदूत गुठळी होऊन डावं अंग लुळं पडलं, तेव्हा लोकांना वाटलं, हा माणूस आता झुरणार. मास्तर झुरले नाहीत, त्यांनी घर डोक्यावर घेतलं. दहा व्यायाम सांगितले की वीस करायचे आणि वर विचारायचे, पुढचं काय? चौथ्या महिन्यात ते काठी टेकत दुकानापर्यंत जाऊ लागले. डाव्या हाताची मूठ वळू लागली. उजव्याला तर काही झालंच नव्हतं, तो कात्रीसाठी नुसता शिवशिवत होता.

अडलं होतं ते कागदावर. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी दर खेपेला चांदण्यांनी भरलेला एक कागद पुढे ठेवायची. सगळ्या चांदण्या खोडायच्या. मास्तर दोन मिनिटांत मोकळे व्हायचे आणि ती म्हणायची, "काका, डावीकडच्या राहिल्या." पाय सुधारला तरी डावी बाजू तुमच्या ध्यानातच येत नाही, म्हणून तुम्ही दाराच्या चौकटींना धडकता, असं तिने समजावलं. कागद जमेपर्यंत कात्री नको.

मास्तरांना हे मुळीच पटलं नाही. चौकटीच अरुंद होत्या. साठीच्या माणसाला बालवाडीत बसवायचं म्हणजे अतिच झालं. तिकडे दुकानात मशीन बायको चालवायची, पण बेतायला शेजारच्या गल्लीतला कारागीर यायचा, आणि त्याने कापलेले खांदे पाहून मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका दुपारी बायको बटणं आणायला गेली आणि मास्तरांना रान मोकळं मिळालं. टेबलावर दातांच्या डॉक्टरांच्या कोटाचं करडं कापड पसरलेलं होतं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, मापं तोंडपाठ. मास्तरांनी खडूने रेघा मारल्या, कात्री चालवली. पाठ निघाली, पुढचा एक भाग निघाला. हात जरासुद्धा अडखळला नाही. मास्तरांना इतका आनंद झाला की ते चक्क शीळ घालू लागले. आणि कापड संपलं. बाह्या राहिल्या, पुढचा दुसरा भाग राहिला.

माझ्या कात्रीखाली कापड कमी पडत नाही, म्हणजे आणलंच कमी. मास्तरांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणत त्यांना यथेच्छ सुनावलं. आजारी माणूस म्हणून डॉक्टर बिचारे ऐकून घेत होते.

तेवढ्यात बायको आली. तिने फोन काढून घेतला, डॉक्टरांची माफी मागितली आणि मास्तरांच्या डाव्या बाजूला जाऊन त्यांचा उजवा हात धरून टेबलावर डावीकडे नेला. हाताखाली कापड होतं. टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होतं, चांगलं दीड मीटर, खडूचा ठिपकाही न लागलेलं.

मास्तर ते चाचपत राहिले. पायाची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. पाय अडला की कळायचं तरी. इथे काहीच अडलं नव्हतं. शीळ घालत त्यांनी अर्धं टेबल गाळलं होतं आणि वर एका भल्या माणसाला खोटं पाडलं होतं. मास्तर घाबरले.

"आणखी काय काय दिसत नाही गं मला?"



"जेवताना मी तुमच्या डाव्या हाताला बसते," ती म्हणाली. "मी तिथे असते आणि तुम्ही आत तोंड करून मला हाका मारता."

"मग तू काय करतेस?"

"ताट उचलते आणि उजवीकडे येऊन बसते."

मास्तरांनी मान डावीकडे वळवली. ती दिसली नाही.

"अजून वळवा," ती म्हणाली.

हनुवटी खांद्याला लागेपर्यंत त्यांनी मान वळवली, तेव्हा कुठे तिचा चेहरा दिसला. ती रडत होती, आणि कधीपासून, हे त्यांना विचारवेना.