दाजींची मुकी गाडी

यंत्राचं ऐकायचं नाही, या एका हट्टावर आयुष्य काढलेला माणूस उभ्या इंदापूर तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आक्काचे यजमान म्हणून आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. माणसाचं मात्र ते वाट्टेल ते ऐकून घेत. शेळगावातल्या त्यांच्या घरी कुणीही यावं, ओट्यावर बसून दाजींना चार शब्द सुनवावेत आणि वर चहा पिऊन जावं. दाजी हसत मान डोलवायचे. पण एखादं घड्याळ, एखादी घंटा, एखादी शिट्टी त्यांना ‘ऊठ’ किंवा ‘थांब’ असं सुचवू लागली, की त्यांच्या कपाळाची शीर तटतटायची. “माणूस बोलला तर त्याच्या मनात काय तरी आसतं,” ते म्हणायचे, “ह्या डबड्याच्या मनात काय हाय?”

आक्काच्या लग्नात आमच्या वडिलांनी गजराचं घड्याळ दिलं होतं. पहिल्या पहाटे ते वाजलं आणि त्याच पहाटे दाजींनी ते उचलून गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत खुपसलं. किल्ली संपेपर्यंत ते तिथं वाजत राहिलं आणि म्हैस बिथरून दूध देईना, अशी कथा आक्का सांगायची. गंमत म्हणजे दाजी काही आळशी नव्हते. कोंबडा आरवायच्या आधी ते उठून डाळिंबाच्या बागेत पोचलेले असत. उठायला त्यांची हरकत नव्हती, उठवण्याला होती. कुकरचंही तेच. पहिली शिट्टी झाली की दाजी हातातलं काम टाकून अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसत, ते जेवायला वाढेपर्यंत. शेवटी आक्का कंटाळली आणि डाळ पातेल्यात शिजवू लागली. कुकर ती दाजी घरात नसतानाच काढायची. त्यामुळं त्यांच्या घरातून शिट्टी ऐकू आली की सगळ्या आळीला कळायचं, आज दाजी गावाला गेलेत. पुढं टेलिफोन आला. तो दाजींनी गोधड्यांच्या ट्रंकेत ठेवला, वर दोन गोधड्या टाकल्या. डाळिंबाचे व्यापारी पुण्याहून फोन करून करून थकायचे आणि अखेरीस गाडी काढून स्वतः यायचे. “बगा,” दाजी मला म्हणायचे, “ज्याला काम हाय तो येतोच.” फळ उत्तम असायचं म्हणून ते यायचे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

या सगळ्याचं मूळ त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे कळपासकट सगळं बिऱ्हाड, निघायचा, तो थेट कोकणाच्या तोंडाला जाऊन पावसाच्या आधी परतायचा. दाजींचं लहानपण कळपामागं चालण्यात गेलं. पुढं शेतीला पाणी आलं, मेंढरं विकली, बाग झाली. पण ते चालणं काही त्यांच्यातून गेलं नव्हतं. “पावणं,” ते म्हणाले, “माझा बा एक शिट्टी घालायचा आन् आख्खा कळप वळायचा. शिट्टी घालायची माणसानं, वळायचं मेंढरानं. आता यंत्रानं शिट्टी घालायची आन् वळायचं मी, व्हय?” मेव्हण्याला पावणं म्हणायची त्यांची रीत होती.

अशा माणसानं गाडी घ्यावी, आणि तीही बोलकी, हा योग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आला. त्या वर्षी बाग भरभरून आली होती. पुण्यातल्या कुठल्याशा साहेबाची परदेशी बनावटीची गाडी विकायला निघाली होती. एका व्यापाऱ्यानं मध्यस्थी केली आणि दाजी गाडीवाले झाले. चालवायला ते ट्रॅक्टरवर शिकलेले होतेच. गाडी घेतल्यावर आक्काला शेजारी बसवून ते सगळ्यात आधी बारामतीला माझ्या चष्म्याच्या दुकानापुढं येऊन उभे राहिले. मला मागं बसवलं, किल्ली फिरवली, आणि गाडीनं टूंग टूंग सुरू केलं. दाजी खाली उतरले. बॉनेट उघडून पाहिलं, वाकून चाकाखाली पाहिलं, कुत्र्याचं पिल्लू बिल्लू अडकलंय का म्हणून मलाही वाकायला लावलं. शेवटी मीच सांगितलं, की चालकानं पट्टा बांधला नाही म्हणून गाडी आठवण करून देतेय. दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू गाडी माझ्याच सांगण्यावरून वाजत होती.

काही आठवडे त्यांनी सोसलं. पट्टा बांधायचे, पण बांधताना गाडीशी बोलायचे. “कळलं. बांधतोय. गप आता.” आक्काला मात्र पट्टा फार आवडला. तिच्या बाजूला गाडी वाजायची नाही, तरी ती बसल्या बसल्या पदर सारखा करून पट्टा खेचायची. खड्ड्यात गाडी आदळली तरी माणूस जागच्या जागी राहतं, म्हणायची. बैलगाडीपासून एस्टीपर्यंत जन्मभर कशाला तरी धरून बसावं लागलं होतं तिला. पहिल्यांदाच कुणीतरी तिला धरून बसवत होतं.

मग एक दिवस दाजी एकटेच बारामतीच्या एका गॅरेजात गेले आणि आवाज बंद करून मागितला. तिथला मिस्त्री म्हणाला, आबा, ते तुमच्याच भल्यासाठी वाजतंय. दाजी म्हणाले, माझं भलं मला कळतंय, तुलाबी कळत आसंल, गाडीला कुणी सांगितलं? मिस्त्रीनं जास्त वाद घातला नाही. सीटखालची वायर तोडून आतल्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, टेप गुंडाळला, आणि गाडी मुकी झाली. त्याच दिवशी दाजींनी नवी लालभडक सीटकव्हरं बसवून घेतली. पट्टे अडकवायची कुलपं त्या कव्हरांखाली गेली, दोन्ही बाजूंची. परत जाताना ते विजयी चेहऱ्यानं दुकानात आले आणि मला बाहेर नेऊन ती शांतता ऐकवली.

मी म्हणालो, दाजी, आवाज नको तर नको, पण पट्टे तरी वर राहू द्यात. ते हसले. “मी बैलगाडीच्या चालीनं चालवतो, पावणं. तेवढ्यासाठी आवळून बसलो तर लोक हसतील.” ते खोटं नव्हतं. शेळगावच्या रस्त्यावर सायकलवाले त्यांना मागं टाकताना रामराम घालून जायचे. आक्कानं एकदा-दोनदा कव्हराखाली हात घालून कुलूप चाचपलं, ते सापडलं नाही, आणि तिनं पुन्हा पहिल्यासारखं दाराच्या वरची मूठ धरून बसायला सुरुवात केली. घरी ती एवढंच म्हणाली, की गाडी काय वाईट सांगत होती का. दाजींनी ते ऐकून घेतलं. माणसाचं ते ऐकून घेतच असत. ऐकलं म्हणजे केलं असा त्याचा अर्थ नसायचा.

उन्हाळ्यात इंदापूरला एका नातलगाचं लग्न होतं. दोघं सकाळीच निघाले. लख्ख ऊन, मोकळा रस्ता, दाजींची नेहमीची चाल. निमगाव केतकीच्या अलीकडं समोरून एक ट्रक जीपला मागं टाकायला म्हणून चुकीच्या बाजूला आला आणि सरळ यांच्या अंगावर. दाजींनी गाडी रस्त्याच्या खाली घेतली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. इतरांनीही हेच केलं असतं. गाडी बाभळीवर जाऊन थांबली. ट्रक थांबला नाही. स्टिअरिंग छातीत बसून दाजींच्या बरगड्या मोडल्या, पण ते जागेवर राहिले. आक्का मूठ धरून बसली होती. मूठ हातातून सुटली आणि ती पुढच्या काचेवर गेली.

जीपवाल्यांनीच दोघांना दवाखान्यात पोचवलं. तिथून आक्काला पुण्याला हलवलं. तिचा जीव वाचला, चेहऱ्यावरचे टाके पुढं भरूनही आले, पण डाव्या डोळ्यात काच गेली होती. तो डोळा गेला. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा दाजी छातीला पट्ट्या गुंडाळलेले बाकावर बसले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना तेच सांगत होता, तुमची काय चूक, ट्रकवाल्यानं घात केला. दाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ट्रक माझा नव्हता. पट्टा माझा व्हता.” त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी ट्रकचं नाव काढलं नाही.

बरगड्या सांधल्यावर एका दुपारी ते एस्टीनं बारामतीला आले, दुकानात माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, भारीतली भारी काच टाका, पैशाकडं बघू नका, पण तिला त्या डोळ्यानं थोडं तरी दिसू द्या. मी त्यांना समजावून सांगितलं, की दिसणाऱ्या डोळ्याला काच मदत करते. आक्काच्या डाव्या डोळ्याला आता काचेचा उपयोग नाही. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी डाव्या डोळ्यावर तळवा घट्ट दाबला, उठले, आणि तसेच दुकानाबाहेर गेले. मी काउंटरवरून बघत होतो. रस्त्याच्या कडेनं ते चालत गेले, केळीच्या हातगाडीला धडकले, केळीवाल्याचं बोलणं खाल्लं, आणि तसाच डोळा झाकून परत आले. “डाव्या अंगाचं जगच जातंय की वो, पावणं,” ते म्हणाले. तळवा काढला तेव्हा तो ओला होता.

गाडी दुरुस्त झाली. आता ते ती विकतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी विकली नाही. त्याच मिस्त्रीकडं नेली, वायर पुन्हा पहिल्यासारखी जोडून घेतली, सीटकव्हरं फाडून टाकली. गाडीत कुणीही बसलं की आधी स्वतः वाकून त्याचा पट्टा अडकवायचे आणि ओढून बघायचे. गाडीचं एक वेळ ठीक होतं. पण घरातही दाजी सगळ्याचं ऐकू लागले. फोन ट्रंकेतून बाहेर आला. वाजला की हातातला घास ठेवून धावायचे. कुकर त्यांच्यादेखत शिट्ट्या मारायचा आणि ते निमूट बसून राहायचे. ओट्यावर बसणाऱ्यांना सुनवायला काही उरलं नाही, तसे तेही कमी झाले. शहाणे झाले दाजी. आणि आम्हा सगळ्यांना ते शहाणपण बघवेना.

आक्कानं त्यांना कधी बोल लावला नाही. मला वाटायचं, हा तिचा मोठेपणा. दाजींना तसं वाटत नव्हतं. “तुमची भैन मला काय बोलत न्हाय,” त्यांनी एकदा बागेत मला सांगितलं. “एकडाव कडाकडा बोलली आसती तर बरं झालं आसतं.” मी हे आक्काच्या कानावर घातलं. ती गहू निवडत होती. ताट उजवीकडं सरकवून घेऊन, मान वाकडी करून. खडा बाजूला काढून ती म्हणाली, “काय बोलू? मला डोळ्याचं येवढं न्हाय वाटत. हे भांडायचं इसरले, त्याचं वाटतंय.”

तेवढा एक भांडणाचा विषय मात्र पुढं त्यांनी तिला मिळवून दिला. बाहेर पडले की दाजी आक्काच्या डाव्या बाजूनं चालायचे. पूर्वी ते दहा पावलं पुढं असत, मेंढक्याच्या झपाझप चालीनं. आता तिच्या खांद्याला खांदा लावून, आणि हळू आवाजात सतत सांगत. खड्डा हाय. सायकल आली. म्हस हाय, थांब. पायरी. निमगावच्या बाजारात मी एकदा त्यांच्या मागून चालत होतो. आक्का वैतागून म्हणाली, “अवो, दिसतंय मला. एक डोळा हाय अजून.” चार पावलं गेली. मग खालच्या आवाजात, जणू स्वतःलाच सांगावं तसं ते म्हणाले, “डावीकडं टोपली हाय.” आक्का हसली. अपघातानंतर तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दाजींना तिचं हसू दिसलं की नाही कुणास ठाऊक. ते टोपलीकडं बघत होते.

दाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. दुपारी बागेतून आले, पाणी प्यायले, आडवे झाले, आणि उठले नाहीत. आक्का अधूनमधून बारामतीला माझ्याकडं येते, उजव्या डोळ्याचा नंबर तपासायला. माझ्या दुकानाला एक उंच पायरी आहे. तिला ती चांगली माहीत आहे, आणि उजव्या डोळ्यानं दिसतेही. मी हात द्यायला पुढं झालो तर ती नको म्हणते. पण पायरीपाशी आली की ती थांबते. मान जराशी डावीकडं कलते, क्षणभर तशीच राहते. मग ती निऱ्या उचलते आणि वर येते.