हेडबाईंचं राज्यशास्त्र

त्या कुठल्याही शाळेच्या हेडबाई नव्हत्या. चौकातल्या औषधांच्या दुकानाशेजारी त्यांचं पार्लर होतं. फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसा आणि कायम ओल्या टॉवेलांचा वास. पण खुर्चीत बसलेल्या बाईला "मान खाली," "डोळे मिटा," "हा रंग तुम्हाला शोभायचा नाही, दुसरा लावते," अशा हुकमांतच त्या बोलायच्या. म्हणून हाताखालच्या मुलींनी त्यांना हे नाव ठेवलं. ते गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलं आणि बघता बघता घरापर्यंत पोहोचलं. घरी तर ते फारच शोभून दिसलं. भाजी कुठली, पडदे कुठले, सुट्टीत कुठे जायचं, सगळं हेडबाई ठरवायच्या आणि नवरा "बरं" म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत उभं राहून यंत्रांशी बोलणाऱ्या माणसाला घरी एवढा एक शब्द पुरत असावा, असं हेडबाईंनी गृहीत धरलं होतं.

पार्लरमध्ये विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम नियमाने केस रंगवायला यायच्या. एकदा त्यांच्या अर्ध्या डोक्याला रंग लागलेला असताना हेडबाईंनी निवडणुकांचा विषय काढला.

"माझं ऐकाल तर निवडणुका बंदच करायला हव्यात," ब्रश फिरवत त्या म्हणाल्या. "एक शहाणं माणूस नेमावं आणि कारभार त्याच्यावर सोडावा. कटकट नाही."

"आणि तो शहाणा आहे हे कोण ठरवणार?" मॅडमनी विचारलं.

"माणसाकडे बघून कळतंच की."

"आणि उद्या तो बिघडला तर? त्याला काढणार कसा?"

ब्रश थांबला. "मान हलवू नका, रंग कानावर ओघळतोय," हेडबाई म्हणाल्या.

"हे उत्तर नव्हे," मॅडम आरशात हसल्या.

मॅडम गेल्या, पण प्रश्न मागे ठेवून गेल्या. हेडबाईंना कधी कुणी निरुत्तर केलं नव्हतं. दुधावरची साय काढताना, ड्रायर लावताना, दुपारी गल्ला मोजताना तो प्रश्न आपला समोर उभाच. पुढच्या वेळी मॅडम आल्या तेव्हा हेडबाईंनी एप्रन बांधायच्या आधीच विचारलं, "हे सगळं कुठे शिकवतात?"

"आमच्याकडे. वर्ग सकाळी असतात. वयाची अट नाही."

पार्लर दुपारी उघडायचं. बारावी तर लग्नाआधीच झालेली होती. संध्याकाळी हेडबाईंनी घरात जाहीर केलं. विचारलं नाही, जाहीर केलं. नवरा म्हणाला, "बरं." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे रोज सकाळी घरात शांतता? खुशाल जा हो." मुलगी त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होती. तिने कपाळावर हात मारला. "आई, एक अट. कॅन्टीनमध्ये तू मला ओळख द्यायची नाहीस."

पहिले काही आठवडे हेडबाई अगदी हवेत होत्या. पहिल्या बाकावर बसायचं, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायचा. वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणू लागली. मग पहिला निबंध लिहायला आला. विषय होता, सत्तेवर मर्यादा का असावी. हेडबाईंनी पानंच्या पानं भरली. मर्यादा नसावी, काम करणाऱ्याला काम करू द्यावं, असा ठणठणीत मजकूर. निबंध परत आला तेव्हा वरच्या कोपऱ्यात नापासाचे गुण होते आणि खाली लाल शाईत मॅडमच्या अक्षरात शेरा: "आवाज मोठा आहे, युक्तिवाद सापडला नाही."

हेडबाईंचा पारा चढला. त्या तडक मॅडमच्या खोलीत गेल्या. पुस्तकांच्या थप्प्यांमधून मॅडमनी एक खुर्ची मोकळी करून दिली.

"यात चूक काय आहे ते तरी सांगा," हेडबाई म्हणाल्या.

"तुमचं मत चूक आहे असं मी म्हटलेलंच नाही. पण ज्यांना ते पटत नाही, ते का पटत नाही, हे अख्ख्या निबंधात कुठे आहे?"

"त्यांना कळत नाही म्हणून पटत नाही."

"असं करा," मॅडम म्हणाल्या. "समोरच्याचं म्हणणं आधी अशा शब्दांत मांडा की तोच म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. मग ते खोडून काढा. आठवडाभर घरीच सराव करा ना."

घरी सराव करायचा तर विरोधक हवा. हेडबाईंनी घरात नजर फिरवली. नवरा खिडकीपाशी बसून बुटांना पॉलिश करत होता. त्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, तुम्हाला आपल्या घरातलं काय पटत नाही? तुमचं म्हणणं सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

नवऱ्याचा ब्रश हातातच राहिला. तो घाबरला. "का गं? डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

"मला काही झालेलं नाही. अभ्यास आहे. बोला."

त्याने बराच विचार केला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "मला दर रविवारी तुझ्या भावाकडे जायला आवडत नाही."

हेडबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. नवरा पुढे बोलत गेला. तिथे गेलं की मेहुणा त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्तीला काढतो. पंखा, मिक्सर, दाराची बिजागरी. आठवडाभर दुरुस्त्याच करायच्या आणि रविवारी परत दुरुस्त्याच. एखादा रविवार तरी नुसतं लोळून काढावा असं वाटतं. एवढं बोललेला नवरा हेडबाईंनी लग्नानंतर पाहिलाच नव्हता. तो चक्क हातवारे करत होता.

आता पाळी हेडबाईंची. त्यांनी घसा साफ केला आणि त्याचं सगळं म्हणणं नीट मांडलं. उलट, त्यात भर घातली, की मेहुण्याने आजवर साधं थँक्यूसुद्धा म्हटलेलं नाही.

"अगदी!" नवरा खूश झाला. "माझ्यापेक्षा छान सांगितलंस."

"आता मी हे खोडून काढते," हेडबाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या. काही केल्या खोडता येईना. मागच्या खोलीत सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या रविवारी हेडबाई भावाकडे एकट्याच गेल्या.

दुसरा निबंध पास झाला. जेमतेम, पण झाला. घरात मात्र नवीच भानगड सुरू झाली. आई काय शिकते ते मुलगी चोरून वाचू लागली आणि जेवताना विचारू लागली, "कायदा करणारी आई, अंमल करणारी आई, न्याय देणारी पण आईच? याला काय म्हणतात गं तुमच्याकडे?" सासूबाईंनी तर टीव्हीच्या रिमोटवर मतदान मागितलं आणि बहुमताने जिंकल्या.

दुसऱ्या वर्षी गटाने करायचा एक प्रकल्प होता. एका कल्पनेतल्या बेटाची राज्यघटना लिहायची. हेडबाईंच्या गटात एक चष्मेवाला होता. तो वाक्य सुरू करायच्या आधी तीनदा चष्मा सावरायचा. आणि एक मुलगी होती, सतत गुणगुणणारी. तिला सगळे गुणगुणी म्हणायचे. हेडबाईंनी पहिल्याच बैठकीत अध्यक्षपद घेतलं. कुणी दिलं नाही, त्यांनी घेतलं. दुसऱ्या बैठकीपर्यंत बेटाची राजधानी ठरली, संसद ठरली, न्यायालयही उभं राहिलं. तिसऱ्या बैठकीला त्या घरून सगळी घटना लिहूनच घेऊन आल्या.

गुणगुणीचं गुणगुणणं थांबलं. "काकू," ती म्हणाली, "तुम्ही रागावू नका. पण यात आमचं काय आहे?"

"तुमचा वेळ वाचवला मी."

चष्मेवाल्याने चष्मा सावरला. पुन्हा सावरला. "आम्हाला वाचवायचा नव्हता," तो म्हणाला. "मला अध्यक्षपदासाठी मतदान हवंय."

मतदान झालं. हेडबाईंना फक्त हेडबाईंचं मत पडलं. गुणगुणी अध्यक्ष झाली.

हेडबाई तडक कॅन्टीनमध्ये आल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर चहा घेऊन बसल्या आणि चहा तसाच ठेवला. डोळ्यांत पाणी येऊ पाहत होतं, ते त्यांनी नाक ओढून परतवलं. पलीकडच्या टेबलावर मुलगी मैत्रिणींसोबत बसली होती. हेडबाईंनी अट पाळून दुसरीकडे पाहिलं. पण थोड्या वेळाने समोरची खुर्ची सरकली.

"ही माझी आई," मुलीने मागे वळून मैत्रिणींना मोठ्याने सांगितलं आणि समोर बसली. "काय झालं गं?"

हेडबाईंनी सगळं सांगितलं. "एवढं केलं मी त्यांच्यासाठी आणि मलाच काढलं."

मुलीने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आई, तू कामं फार छान करतेस. पण तू ती सगळीच करतेस. मी लहानपणी वहीला कव्हर घालायला बसायचे ना, तू हातातून घेऊन चार मिनिटांत घालून द्यायचीस. सगळ्या वर्गात माझीच कव्हरं सुंदर असायची. मला अजून कव्हर घालता येत नाही."

हेडबाईंना एकदम हसू फुटलं आणि त्याबरोबर ते परतवलेलं पाणीही आलं. मुलीने आईचा गार झालेला चहा ओतून टाकला आणि दुसरा आणला.

दुसऱ्या दिवशी त्या गटात परत गेल्या. चोरट्यासारख्या मागच्या खुर्चीत बसल्या. "मला एखादं काम द्या," एवढंच म्हणाल्या. गुणगुणीने थोडा विचार करून त्यांना विरोधी पक्षाचं प्रकरण लिहायला दिलं. हेडबाईंना ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. राज्यकर्त्याला नको असलेला माणूस सभागृहात बसला पाहिजे, त्याला बोलू दिलं पाहिजे, आणि तो बोलल्यावर त्याच्या घरावर दगड येता कामा नयेत. वाक्यं साधी होती, पण प्रत्येक लिहिताना त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरातलं कोणी ना कोणी आठवत होतं. बेटाच्या घटनेला चांगले गुण मिळाले. चष्मेवाल्याने आनंदाने सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि काकूंना मिठी मारताना अवघडला, तेव्हा हेडबाईंनीच त्याला जवळ ओढलं.

शेवटच्या वर्षी त्यांच्या इमारतीच्या कमिटीची निवडणूक आली. निवडणूक म्हणायला निवडणूक. तळमजल्यावरचे एक निवृत्त काका वर्षानुवर्षं अध्यक्ष होते, कारण दुसरं कोणी उभंच राहत नसे. गच्चीला त्यांनी कुलूप घालून ठेवलं होतं. मुलं पडतील, पाणी झिरपेल, लोक पसारा करतील, अशी कारणं. हेडबाईंनी अर्ज भरला.

प्रचाराला चष्मेवाला आणि गुणगुणी हौसेने आले. चष्मेवाल्याने पत्रक लिहिलं, ते इतकं विद्वान झालं की सासूबाईंनी त्याच्यावर शेंगा सोलल्या. हेडबाई दारोदार गेल्या. आधीच्या हेडबाई असत्या तर प्रत्येक घरात काय चुकतंय ते सांगून आल्या असत्या. या वेळी त्या विचारत गेल्या. कुणाला गच्ची हवी होती, कुणाला डोक्यावर पावलं वाजायला नको होती. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "उघडा गच्ची, पण दुपारी मला झोपू द्या." हेडबाईंनी त्यांचं म्हणणं त्यांनाच परत सांगून दाखवलं. त्या बाई इतक्या चकित झाल्या की त्यांनी सरबत आणून दिलं.

मतमोजणी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत झाली. हेडबाई अगदी थोडक्यात पडल्या.

घरी येऊन त्या हिशेब लावत बसल्या. कुणाचं मत फिरलं असेल? मग त्यांना सासूबाईंच्या चेहऱ्यावर एक विलक्षण निष्पाप भाव दिसला.

"आई," हेडबाई म्हणाल्या, "तुम्ही मत कोणाला दिलंत?"

"गुप्त मतदान म्हणतात ना त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "मग विचारतेस कशाला? शिकलेली ना तू?"

नवरा हसत सुटला. इतका, की त्याला ठसका लागला. मुलगी पाठ थोपटायला धावली. हेडबाईंनी रागावायचा खूप प्रयत्न केला, पण जमेना. त्या उठल्या, केस सारखे केले आणि खाली काकांकडे गेल्या.

काका दारात उभे राहिले ते जरा सावध होऊनच. भांडण येणार म्हणून त्यांनी बायकोलाही मागे उभं केलं होतं.

"अभिनंदन," हेडबाई म्हणाल्या. "तुम्हाला जास्त लोकांनी निवडलं. मी विरोधात आहे आणि राहणार. महिन्याच्या सभेत प्रश्न विचारीन. पण तुम्ही अध्यक्ष आहात, हे मान्य."

काका दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "इतकी वर्षं झाली, पण माझं अभिनंदन कुणी केलं नव्हतं हो." ते पुढे म्हणाले, "खरं म्हणजे मला कुणी निवडलंही नव्हतं. दुसरं कोणी नव्हतं, एवढंच. आज पहिल्यांदा वाटलं, निवडून आलो." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "आत या. चहा घ्या. ते गच्चीचं काय म्हणणं आहे तुमचं?"

गच्ची उघडली. दुपारी बंद, सकाळ-संध्याकाळ खुली. तो नियम काकांनी स्वतः लिहिला आणि हेडबाईंनी त्यातल्या दोन वाक्यांवर हरकत घेतली, ती मान्य झाली. पदवीचा निकाल त्याच सुमाराला लागला. वर्ग दुसरा, पण मॅडमनी फोन करून सांगितलं की शेवटच्या पेपरात समोरच्याची बाजू इतकी भक्कम मांडली होती की हेडबाई कुठल्या बाजूच्या आहेत ते शेवटच्या पानापर्यंत कळलंच नाही.

एका संध्याकाळी त्या वाळलेले टॉवेल काढायला गच्चीवर गेल्या. तिथे दोन शेजारणी कपडे वाळत घालायच्या तारेवरून कडाकडा भांडत होत्या. कोणाची तार कुठे बांधायची, कोणाच्या चादरीची सावली कोणाच्या कुंड्यांवर पडते. हेडबाईंना पाहताच दोघी एकदम म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आलात! तुम्हीच सांगा आता."

निकाल हेडबाईंच्या जिभेवर तयार होता. तार पूर्वेला, कुंड्या कठड्याजवळ, आणि दोघींनी गप्प बसायचं. त्यांनी तो गिळला. गिळताना जरा जडच गेला. मग टॉवेलांचा ढीग कठड्यावर ठेवला, एक खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

"आधी तुम्ही सांगा," त्या एकीकडे बघून म्हणाल्या. "आणि वहिनी, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. हा हुकूम नाही हं, विनंती आहे."