बाबांनी औषध बंद केलं

आई गेली ती संसर्गाने. लघवीचा साधा त्रास म्हणून सुरू झालं आणि विष रक्तात पसरलं. इस्पितळात एकामागून एक अँटिबायोटिक दिली, एकही लागू पडलं नाही. "जंतू आता या औषधांना दाद देत नाहीत," डॉक्टर म्हणाले. बाबा नुसते ऐकत उभे होते.

दिवसकार्य आटोपल्यावर ते मला घरामागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे ते आणि आई मिळून ब्रॉयलर कोंबड्या पाळायचे. फळीवरच्या पावडरीच्या डब्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या पण ताच औषध. कोंबडी आजारी नसली तरी आमी खाद्यात घालतंव."

"पण आईचा दुखणा ह्याच्यातना इला, असा डॉक्टर खंय म्हणाले?"

"नाय म्हणाले. पण माझ्यान आता ता हातात धरवणा नाय."

पुढची पिल्लं आली तेव्हा त्यांनी खाद्यात शेगलाचा, म्हणजे शेवग्याचा, पाला सावलीत वाळवून घालायला सुरुवात केली. सोबत हळद. पाण्यात ठेचलेली लसूण. मी वेंगुर्ल्याला शाळेत शिकवते. रविवारी घरी गेले की अंगणापर्यंत लसणीचा वास यायचा. पिल्लं चपळ होती, खाली अंथरलेलं भाताचं तूस कोरडं होतं. "बघ गो, कशी चरतत," बाबा म्हणाले. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच असं हौसेने बोलत होते.

एका रविवारी गेले तर कोंबड्या पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेल्या. विष्ठा पांढरी, पाण्यासारखी. काही मरून पडल्या होत्या. मी तालुक्याच्या पशुवैद्यकांना बोलावलं. त्यांनी एक मेलेली कोंबडी फाडून पाहिली.

"गंबोरो आहे, विषाणूचा रोग. लस दिली होती?"

बाबांनी मान खाली घातली. पावडरीबरोबर त्यांनी लसही बंद केली होती. डब्यातलं, बाटलीतलं काहीच नको वाटत होतं त्यांना. मलाही ते तेव्हाच कळलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "आजार नसताना अँटिबायोटिक देत नाही, ते बरोबरच आहे. पाला, लसूण यांनीही पचनाला थोडी मदत होते. पण विषाणू त्यांनी अडत नाही, त्याला लसच हवी."

"मग आता काय द्यायचं?" मी विचारलं.

"आता यावर औषध नाही."

अर्ध्याहून जास्त कोंबड्या गेल्या. माडांच्या पलीकडे खड्डा खणला, चुना आणला. बाबा कोणाला हात लावू देईनात. एकेक कोंबडी स्वतः उचलून ठेवत होते. मग खड्ड्याच्या कडेलाच बसले आणि रडू लागले. स्मशानात ते रडले नव्हते.

"तिका पण असोच बघीत रवलंय," म्हणाले. "माझ्यान काय एक झाला नाय."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

उरलेल्या बऱ्या होऊन विकल्या गेल्यावर शेड धुऊन, चुना मारून काही आठवडे रिकामी ठेवली. नवीन पिल्लांना आम्ही दोघांनी वेळेवर लस दिली. मी पिल्लू धरायचे, बाबा डोळ्यात थेंब सोडायचे. पाला आणि लसूण चालूच ठेवली. फळीवरचा डबा डॉक्टरांनी सांगितलं तरच उघडायचा, असं ठरलं. तो उघडावा लागला नाही. कोंबड्या छान भरल्या. टेम्पो घेऊन आलेल्या व्यापाऱ्यानेही वाखाणल्या.

टेम्पो गेल्यावर बाबा पडवीत येऊन बसले.

"बरी झाली ना बॅच?" मी म्हटलं.

"झाली," ते म्हणाले. "पण सांगू कोणाक?"

मी समोरच बसले होते.